नऊ नावांची यादी : खो-खोतलं नियोजन इतिहासात शोधताना

आधी एक कबुली देतो. सिनॉप्सिस लिहायच्या दिवसांत मी रोज रात्री तासभर एक ऑनलाइन बास्केटबॉलचा खेळ खेळत असे. खेळ म्हणायचं, पण त्यात चेंडू हातात येतच नाही. तुम्ही प्रशिक्षक. पाच जण निवडायचे, बचाव माणसामागे माणूस लावून करायचा की जागा वाटून देऊन ते सांगायचं, वेग किती ठेवायचा, चेंडू कोणाकडे जास्त जाऊ द्यायचा, हे सगळं भरून 'सेव्ह' करायचं आणि झोपायचं. सामना संगणक परस्पर खेळवतो. सकाळी उठून निकाल बघायचा. मधे ओरडायची सोय नाही, गडी बदलायची सोय नाही. जे काही डोकं चालवायचं ते आधी.

एकदा असाच सकाळी हरलेला निकाल बघत बसलो होतो आणि एकदम वाटलं, हे आपण आधी पाहिलंय. कुठे? जतला, शाळेच्या मैदानावर. सामना सुरू व्हायच्या आधी आमचे खेळाचे सर गुणलेखकाच्या टेबलावर वाकून नऊ नावं लिहून द्यायचे. एकदा ती यादी दिली की सरसुद्धा त्या ऑनलाइन प्रशिक्षकासारखेच. रेषेबाहेर उभं राहून बघायचं आणि ओरडायचं. ओरडण्याचा उपयोग किती, ते आम्हा पळणाऱ्यांना माहीत होतं.

माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्या सकाळी सुरू झालं. खेळातलं नियोजन, म्हणजे सामन्याआधी कागदावर केलेला विचार, आपल्याकडच्या मैदानी खेळात कसा आला आणि त्याचा इतिहास लिहायचा तर साधनं कोणती? आज त्याबद्दलच लिहितोय. प्रकरण अजून पुरं झालेलं नाही, आणि मधे मी एक सपशेल चूक केली. ती सांगितली तर तुमचे सहा महिने वाचतील.

ज्यांनी खो-खो फक्त बघितलाय त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीवर एकाआड एक उलट तोंडं करून बसतात, नववा पळतो. समोरच्या संघाचे संरक्षक मात्र सगळे एकदम आत येत नाहीत. ते तिघा-तिघांच्या तुकडीने येतात. तिघे बाद झाले की पुढचे तिघे. एक गडी बाद झाला की आक्रमकांना एक गुण. मोठ्या गटात डाव नऊ मिनिटांचा. आता यातली खरी मेख बघा. संरक्षकांची नावं ज्या क्रमाने ते आत येणार त्या क्रमाने गुणलेखकाकडे आधी नोंदवायची असतात. आणि नऊच्या नऊ बाद होऊन वेळ उरला, तर त्याच क्रमाने पुन्हा पहिल्यापासून आत यायचं.

म्हणजे ही यादी हाच संघाचा आराखडा. नऊ नावं, तीन तुकड्या. कोणाला आधी पाठवायचं, कोणाला राखून ठेवायचं, दोन चपळ पोरं एकत्र द्यायची की एका तुकडीत एक तरी टिकणारा असावा म्हणून वाटून द्यायची, हा सगळा विचार त्या एका कागदात. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला महत्त्वाचं म्हणजे तो कागद उरतो. कबड्डीत चढाईला कोणाला कधी पाठवलं हे बहुतेक वेळा हवेत विरून जातं. खो-खोत नियमानेच विचार लिहून ठेवायला लावलाय.

आता नियमांकडे येऊ. संशोधनाची तयारी करणारे बरेच जण नियमपुस्तिका हे साधन म्हणून गंभीरपणे घेत नाहीत. मीही घेत नव्हतो. बास्केटबॉल या बाबतीत सोपा आहे, कारण त्याचा जन्मच लिखित. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने तेरा नियम लिहिले, सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या टांगल्या, आणि खेळ सुरू झाला. आधी कागद, मग खेळ. खो-खोचं उलटं. खेळ गल्लीबोळांत, जत्रेच्या माळावर कधीपासून होता कोण जाणे. तो कागदावर आला तो पुण्यात, डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियम बांधायला घेतले तेव्हा. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले, १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने. पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाड्याला झाली ती १९५९-६० ची. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरला महिलांचीही स्पर्धा झाली.

या सनावळ्या पाठ करून काही मिळत नाही. मला माझ्या मार्गदर्शकांनी एक वाक्य सांगितलं होतं, ते उपयोगाचं ठरलं: नियम वाचताना विचारायचं की हा नियम कोणाच्या लबाडीवर उतारा म्हणून आला असेल. 'नावं क्रमाने आधी नोंदवावीत' असं लिहावं का लागतं? कोणीतरी ऐन वेळी क्रम फिरवून समोरच्याला गोंधळात टाकलं असणार म्हणून. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही, आणि प्रबंधातही मी तो अंदाज म्हणूनच लिहिलाय. पण असा प्रश्न विचारला की कोरडी नियमपुस्तिका बोलायला लागते.

बास्केटबॉलमध्ये तर याचं एक नामी उदाहरण आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने मिनीॲपोलिसला १९-१८ असं हरवलं. पूर्ण सामन्यात दोन्ही संघ मिळून सदतीस गुण! मिनीॲपोलिसकडे जॉर्ज मिकन नावाचा धिप्पाड खेळाडू होता, त्याच्याशी सरळ खेळून जिंकणं अवघड. मग फोर्ट वेनने ठरवलं की चेंडू आपल्याच हातात ठेवायचा आणि टोपलीकडे फेकायचाच नाही. त्या काळच्या नियमात याला काही आडकाठी नव्हती. योजना म्हणून ती अचूक होती, बघणाऱ्यांना मात्र तो छळ झाला. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं. तेवढ्या वेळात चेंडू टोपलीकडे फेकलाच पाहिजे. चोवीस हा आकडा कुठून आला? चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० फेकी होतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार करा. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांचा हा हिशोब. म्हणजे एका संघाच्या योजनेने नियम बदलला आणि त्या नियमाने सगळ्यांच्या योजना बदलल्या.

खो-खोत वेळ हा नेहमीच संरक्षकाच्या बाजूचा. आक्रमक गुण कमावतो, संरक्षक मिनिटं खातो. त्यामुळे यादीचा प्रश्न हा खरं तर मिनिटांच्या वाटणीचा प्रश्न आहे. इथेच मला वाटलं, अरे, हे तर गणित आहे, बसून सोडवता येईल. आणि इथेच मी घसरलो.

त्या ऑनलाइन खेळाची सवय लागलेली होतीच. मी एक्सेलमध्ये स्वतःचा छोटा खो-खो बनवला. तीन तुकड्या धरल्या, क, ख आणि ग, चांगल्यापासून साध्यापर्यंत. समजा संघ दुबळा आहे. क मधला प्रत्येक जण मिनिटभर टिकतो, ख मधला चाळीस सेकंद, ग मधला वीस. म्हणजे तीन तुकड्या मिळून तीन, दोन आणि एक मिनिट. क-ख-ग असा क्रम दिला तर सहा मिनिटांत नऊ जण बाद. उरलेली तीन मिनिटं पुन्हा क खेळते, आणखी तीन बाद. एकूण बारा. आता क्रम उलटा करा, ग-ख-क. सहा मिनिटांत नऊ बाद इथेही होतात, पण उरलेल्या तीन मिनिटांत आधी ग आणि मग ख परत येतात, सहाच्या सहा बाद. एकूण पंधरा. नुसत्या क्रमाने तीन गुणांचा फरक.

मग संघ चांगला धरला. क चे गडी शंभर सेकंद, ख चे ऐंशी, ग चे चाळीस. क-ख-ग मध्ये नऊ मिनिटांत फक्त सहा बाद, तिसरी तुकडी आत येतच नाही. उलट क्रमात सात. फरक कमी, पण दिशा तीच. चांगले गडी आधी. मी खूश. प्रकरणात लिहूनसुद्धा टाकलं की नियोजन विकसित होत गेलं तसे संघ 'चांगले आधी' या तर्कशुद्ध क्रमाकडे गेले असणार. या 'असणार'कडे नीट बघा. संशोधनात हा शब्द आला की समजायचं, इथे साधन नाही, आपली इच्छा आहे.

उन्हाळ्यात जतला गेलो तेव्हा सरांना भेटलो. निवृत्त झालेत, शेतात डाळिंब लावलंय, पाण्याच्या टँकरची वाट बघत ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं गणित सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "अरे, पैल्या दोन-तीन मिनिटांत समोरचा पोरगा वाघ असतोय. त्याच्या तोंडाला चांगला गडी कशाला द्यायचा? साधी पोरं घालायची, त्यास्नी पळू द्यायचं. वाघाची जीभ बाहेर आली की मग आपला गडी काढायचा."

मी घरी येऊन एक्सेल उघडलं. पहिल्या दोन मिनिटांत आक्रमक इतके ताजे की समोर कोणीही असो, चाळीस सेकंदांत बाद, असं धरलं. म्हणजे तेवढ्या वेळापुरता चांगला-साधा हा फरकच पुसला. त्याच चांगल्या संघाचं उत्तर फिरलं. क आधी पाठवली तर नऊ बाद, ग आधी पाठवली तर सात. सर बरोबर! पण ताजा आक्रमक सगळ्यांना सारख्याच प्रमाणात जड जातो, असं धरून पाहिलं तर पुन्हा 'चांगले आधी' हेच उत्तर येत होतं. मला हवं ते उत्तर मी थकव्याच्या आकड्यातून काढू शकत होतो, आणि तो आकडा मीच टाकत होतो. संगणकातल्या प्रतिकृतीचं हे असं असतं. तुम्ही काय गृहीत धरलंय ते ती स्वच्छ दाखवते. लोकांनी खरोखर काय केलं, हे तिला विचारून उपयोग नाही.

ते विचारायचं ते गुणतक्त्यांना.

गुणतक्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, खो-खोचा तक्ता ही फार बोलकी वस्तू आहे. संरक्षकांची नावं क्रमाने, कोण कोणाकडून बाद झाला, आणि प्रत्येक गडी बाद व्हायला किती वेळ लागला, ज्याला मैदानावर 'पर टाईम' म्हणतात. नऊ मिनिटांचा सगळा हिशोब एका पानावर. पण हे तक्ते जपतं कोण? मोठ्या स्पर्धांचं ठीक आहे, वर्तमानपत्रात निदान दोन ओळी येतात: अमक्याने २.१० मिनिटे संरक्षण करत तीन गडी बाद केले. शाळा-तालुक्याच्या स्पर्धांचे तक्ते निकाल जाहीर झाला की रद्दीत जातात. आमच्या भागातल्या एका शाळेत मी विचारायला गेलो तेव्हा कळलं की कपाट रिकामं करून आठच दिवस झाले होते. मी आठ दिवस आधी का गेलो नाही? कारण मी एक्सेल करत बसलो होतो.

इथे जतपुरती एक अडचण सांगतो, सीमाभागातल्या कुठल्याही तालुक्यावर काम करणाऱ्याला ती भेटेल. जत हे डफळ्यांचं संस्थान. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. मग जत आलं दक्षिण सातारा जिल्ह्यात, आणि त्या जिल्ह्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. त्यामुळे जुना कागद शोधताना 'सांगली' असं विचारलंत तर कर्मचारी खरंच 'नाही' म्हणणार. एकाच गावासाठी संस्थानाच्या नावाने, साताऱ्याच्या नावाने आणि सांगलीच्या नावाने असं तीनदा विचारावं लागतं. त्यात पूर्वेकडच्या गावांत शाळा कानडी, मग तक्त्यावरची नावं कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नव्हतं. दोन महिने अक्षरं गिरवली. (आईला फार आनंद झाला. पीएच.डी.पेक्षा जास्त, असं मला वाटतं.)

सरांकडे पत्र्याची एक पेटी निघाली. वरचे कागद वाळवीने खाल्लेले, खालचे तीसेक तक्ते धड. बऱ्याच ठिकाणी शाईने नावं खोडून वर-खाली बाण काढलेले. म्हणजे नुसती अंतिम यादी नाही, यादी देण्याआधीचा विचारही तिथेच उमटलेला. इतिहासात असं साधन क्वचित हाती लागतं.

मी अधीरपणे सरांचा सिद्धांत तपासायला बसलो. आणि काय निघालं? बहुतेक तक्त्यांत त्यांचा सगळ्यात चांगला गडी पहिल्याच तुकडीत. राखून ठेवल्याचं थोड्याच सामन्यांत दिसतं. सर म्हणाले होते एक, आणि कागद सांगतोय दुसरंच. मी वहीत लिहून ठेवलं: मौखिक साक्ष अविश्वसनीय. असं लिहिताना थोडं मोठं झाल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी तक्ते घेऊन परत गेलो. सरांनी चष्मा लावला, एकेक तक्ता हातात घेतला आणि दोन गठ्ठे करायला लागले. एक मोठा, एक लहान. मोठ्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "हे कुठलं सामने? ही पोरं तासाभरात घरी जायची हुती." आणि लहान गठ्ठा माझ्या पुढ्यात सरकवला. "सामने म्हंजे हे." लहान गठ्ठ्यातले जवळजवळ सगळे अंतिम किंवा उपांत्य सामने होते, तगड्या संघांविरुद्धचे. राखून ठेवलेला गडी त्यांतच.

म्हणजे त्यांची आठवण चुकीची नव्हती. माझा प्रश्न चुकीचा होता. मी विचारलं होतं, "सर, तुम्ही क्रम कसा लावायचा?" त्यांच्या मनात 'सामना' या शब्दाचा अर्थच वेगळा. सोप्या सामन्यांत नियोजनाची गरज नव्हती, म्हणून ते त्यांच्या लेखी नियोजनात मोडतच नव्हते. मुलाखत घ्यायला जाल तेव्हा 'नेहमी', 'साधारणपणे', 'कसं करायचा' असे शब्द खिशात ठेवा. एक विशिष्ट कागद समोर ठेवून विचारा, इथे हे नाव का खोडलं? माझ्या दुसऱ्या मुलाखतीत जे मिळालं ते सगळं अशा खोडलेल्या नावांवरून मिळालं. एका ठिकाणी चौथं नाव दुसरं केलेलं होतं. कारण काय तर दोघे भाऊ, एका तुकडीत असले की एकमेकांकडे बघत पळायचे. एका ठिकाणी चांगला गडी तिसऱ्या तुकडीत, कारण तो सकाळी पायी आला होता आणि दमला होता. एक्सेलमध्ये हे कुठल्या रकान्यात घालणार?

आता ज्या गोष्टीमुळे हे प्रकरण मला पुन्हा लिहावं लागतंय ती सांगतो.

तक्ते चाळताना मला तिसऱ्या तुकडीसमोरचे रकाने रिकामे दिसायला लागले. सात, आठ, नऊ. नाव आहे, वेळ नाही, बाद करणाऱ्याचं नाव नाही. आधी वाटलं, लिहायचं राहिलं. मग लक्षात आलं की हे माझ्याच गणितातलं आहे: संघ चांगला असेल आणि चांगले गडी आधी असतील तर नऊ मिनिटांत तिसरी तुकडी आत येतच नाही. योजना जितकी यशस्वी, तितके ते तीन रकाने रिकामे. ती मुलं आक्रमणात पाट्यांवर बसायची, खो मिळाला की उठायची, पण संरक्षणाला उतरायचीच नाहीत. जिंकलेल्या संघाचा फोटो काढला की त्यात नऊही जण असतात. आठवणी सांगतात ते पहिल्या सहांतले असतात, आणि वर्तमानपत्रात नावं येतात ती त्यातल्या दोघा-तिघांची.

एका तक्त्यात आठवं नाव माझं होतं.

त्या सामन्याची गोष्ट मी कितीदा तरी सांगितलीय. खांबापाशी हुलकावणी दिली, समोरच्याने सूर मारला, तो मातीत आणि मी पलीकडे. घरी सांगितलीय, होस्टेलवर सांगितलीय, धाकट्या भावाला तर इतकी की त्याला पाठ आहे. तक्त्यात दोन्ही डावांत माझ्यासमोर काहीही नाही. दोन्ही वेळा दुसऱ्या तुकडीतच वेळ संपलेली. मी सरांना काहीच बोललो नाही. त्यांनीही तो तक्ता बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूला ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "तू आत आला असतास तर आपण हरलो असतो असं न्हवं. तू आत यायची पाळी आली नाही म्हणून जिंकलो."

ती हुलकावणी कुठल्या तरी सरावातली असेल, नाहीतर दुसऱ्याच कुणाची, मी रेषेबाहेर उभा राहून पाहिलेली. सरांच्या आठवणीला 'अविश्वसनीय' म्हणणारा मी, माझी स्वतःची आठवण दहा वर्षं कधी तपासली नव्हती.

तर आता प्रकरणाचा प्रश्नच बदललाय. आधी होता: क्रम लावण्याची युक्ती कशी सुधारत गेली? आता आहे: नियोजन करायचं म्हणजे कोणाला न खेळवणं हे ठरवायचं असतं, आणि ते कोण, कशावरून ठरवत होतं? सरांच्या तक्त्यांत तिसऱ्या तुकडीत वारंवार दिसणारी नावं मी वेगळी काढली. काही खरंच माझ्यासारखी संथ. पण काही मुलं अशीही की जी दुरून यायची आणि सरावाला नियमित नसायची, एस.टी.च्या वेळापत्रकामुळे. दुष्काळात घर ऊसतोडीला गेलं की मुलगा यादीतून जायचा, परत आला की नवव्या नावावर यायचा. एवढ्याशा तक्त्यांवरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही. आर.आर.सी.च्या बैठकीत तसा मोह झाला होता, मार्गदर्शकांनी टेबलाखालून पाय दाबला. पण तालुक्याचा सामाजिक इतिहास त्या सात-आठ-नऊ क्रमांकांत कुठेतरी आहे, असं मला वाटतं.

आजचा खेळ या बाबतीत वेगळ्या वाटेला लागलाय. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये 'वजीर' आला, तो कुठल्याही दिशेने पळू शकतो. संरक्षकांनी ठरावीक वेळेच्या पुढे तग धरला की त्यांनाही गुण मिळायला लागले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तोही सात-सात मिनिटांच्या डावांचा. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. कर्णधार दोघेही महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. टिकण्याला थेट गुण मिळायला लागल्यावर यादी लावण्याचं गणितही बदललं. चांगल्या तिघांना एकत्र घालून मोठी धाव साधायची की वाटून द्यायचं, हा जुनाच प्रश्न, पण त्याचं बक्षीस आता वेगळं. चोवीस सेकंदांच्या घड्याळासारखंच हे वळण आहे असं मला वाटतं, पण त्यावर लिहायला अजून दहाएक वर्षं जावी लागतील. आणि एक सोय आहे: या सामन्यांचा व्हिडिओ आहे, प्रत्येक सेकंदाचा आकडा आहे. पुढच्या संशोधकाला पत्र्याची पेटी शोधत फिरावं लागणार नाही. शाळा-तालुक्याच्या पातळीवर मात्र पेटीच आहे, आणि वाळवीही.

म्हणून तुमच्यापैकी जे आपापल्या तालुक्यात राहतात त्यांच्याकडे एक मागणं. शाळेत, तालीममंडळात, निवृत्त सरांच्या माळ्यावर असे गुणतक्ते दिसले तर फोटो काढून ठेवा. नीट काढा. पान सपाट, उजेड बाजूने, मागची बाजूही, कारण मागे बरेचदा यादीचा कच्चा खर्डा असतो. कुठल्या स्पर्धेचा, कोणी जपला, कुठल्या कपाटात होता, हे त्याच दिवशी वहीत लिहा. आणि त्यात लहान मुलांची नावं असतात, तेव्हा ती जशीच्या तशी कुठे छापू नका. मी प्रबंधात क्रमांकच वापरतोय. आठ क्रमांकही त्यात आहे, बाकीच्यांसारखाच.

येत्या शनिवारी उमदीला जायचंय. तिथे एका निवृत्त शिक्षकांकडे कानडी शाळेचे तक्ते आहेत असं कळलंय. त्यांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं, "या, पण लवकर या, घराचं रंगकाम काढलंय."